सदतीस नंबरचं कुटुंब

बारावीच्या गणितात मला जे गुण पडले ते पाहून थोरल्या काकांनी गुणपत्रिका उलटी करून मागची बाजूही पाहिली. मागे काही नव्हतं. मग ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या आमच्या घरी माझ्या पुढच्या आयुष्याविषयी बैठक बसली. वडील बँकेतून निवृत्त व्हायला आलेले, थोरले काका सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन कंटाळलेले आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिचं मत कोणी विचारणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. पण ऐकायला काय हरकत होती?

आमचे पूर्वज दक्षिणेतून इथे दरबारच्या दफ्तरात लिखापढी करायला आले. त्याला कित्येक पिढ्या लोटल्या, पण घरातलं बोलणं ऐकलं तर वाटावं की दरबार अजून भरतो आहे आणि आम्ही फक्त रजेवर आहोत. अशा घरात मुलाने इंजिनिअर व्हावं, नाहीच जमलं तर सी.ए. व्हावं आणि तेही जमत नसेल तर पाहुण्यांसमोर फार येऊ नये, एवढीच अपेक्षा असते. मी बी.ए.च्या फॉर्मवर मुख्य विषय म्हणून समाजशास्त्र लिहून आलो होतो. कारण एकच, त्या खिडकीपुढे रांग नव्हती.

"समाजशास्त्र म्हणजे काय असतं?" काकांनी विचारलं.

"समाजाचा अभ्यास."

"तो करायला कॉलेजात कशाला जायचं? मंडळात येत जा."

काका आमच्या मराठी मंडळाचे सचिव होते. समाज म्हणजे मंडळ आणि मंडळ म्हणजे आपण, हे त्यांचं समाजशास्त्र दोन वाक्यांत संपत असे आणि त्याला परीक्षाही नव्हती. वडिलांनी मात्र चष्मा पुसत एवढंच विचारलं, "याची कुठे व्हेकन्सी निघते का?" मी म्हणालो, बघतो. तिथे बैठक संपली.

वर्गात आम्ही पाच मुलगे आणि सत्तरएक मुली. मुली लग्न ठरेपर्यंत शिकत होत्या आणि मुलगे पोलीस भरतीची तारीख लागेपर्यंत. विषयावर प्रेम असलेलं कोणी नव्हतं, पण तक्रारही नव्हती. आमच्या मॅडम वेळेवर यायच्या, खुर्चीत बसायच्या आणि नोट्स सांगायच्या. त्यांनी आपल्या नोट्स लॅमिनेट करून घेतल्या होत्या. त्यामुळे कागद फाटायची भीती नव्हती आणि त्यात नवं काही लिहायचीही सोय नव्हती.

दोन वर्षांत मला कुटुंबाच्या सात व्याख्या पाठ झाल्या. प्रत्येकीच्या शेवटी एका परदेशी माणसाचं नाव असे आणि त्या नावाचं स्पेलिंग चुकलं की अर्धा गुण जाई. या सातही व्याख्या मी घरी येरझाऱ्या घालत मोठ्याने घोकायचो. रविवारी दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर आई उरलेली भाजी पुसून घेत एकटी जेवायला बसायची, तेव्हाही मी तिच्यासमोरून येरझाऱ्या घालत कुटुंबाची व्याख्या म्हणत असे. ती रोज शेवटी का जेवते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. परीक्षेत तो येत नव्हता.

शेवटच्या वर्षी सर्वेक्षण आलं. बिर्ला नगरात जायचं, गिरणीत काम केलेल्या लोकांची पन्नास कुटुंबं शोधायची आणि प्रत्येक घरी बसून चार पानांचा फॉर्म भरायचा. गिरणी बंद पडून आमच्या वयाइतकी वर्षं झाली होती. विषयाचं नाव 'बदलती हुई परिस्थिति में श्रमिक परिवार' असं होतं आणि मॅडमनी ते इतक्या सवयीने फळ्यावर लिहिलं की परिस्थिती दरवर्षी याच सुमारास बदलत असावी.

मी एकदा गेलो, हे सांगितलं पाहिजे. एप्रिलच्या दुपारी हजीऱ्याच्या चौकापर्यंत टेंपोने आणि पुढे पायी. पहिलं दार उघडलं नाही. दुसऱ्या दाराशी एका माणसाने फॉर्म पाहून विचारलं, "वीज बिलाचं आहे का?" नाही म्हटल्यावर त्याने दार लावून घेतलं. तिसऱ्या दारी कुत्रं होतं. मी परत आलो.

कॉलेजच्या कँटीनमध्ये आमचा अख्खा वर्ग समोसे खात बिर्ला नगरचं सर्वेक्षण करत होता. कोणी मुलांची संख्या ठरवत होतं, कोणी आजार. एका मुलीने तर पन्नासही घरांत रंगीत टीव्ही दिला होता, कारण टीव्ही नसलेलं घर तिच्या कल्पनेत बसत नव्हतं. मी त्या मानाने कष्ट घेतले. प्रत्येक कुटुंबाला वेगळी शाई, वेगळं दुःख. सदतीसाव्या कुटुंबापाशी तर मला स्फूर्तीच आली. तिथे मी एक विधवा घातली, नवरा गिरणीत मागावर, टीबीने वारलेला. 'मिल बंद झाल्याने आपल्या जीवनात काय फरक पडला?' या प्रश्नाखाली तिच्या तोंडी लिहिलं की, पूर्वी गिरणीच्या सायरनने जाग यायची. आता जाग येते आणि ती कशाने आली हे शोधत मी पडून राहते.

हे लिहून झाल्यावर मी स्वतःच थोडा वेळ गहिवरून बसलो आणि आणखी एक समोसा मागवला.

मॅडमही गहिवरल्या. त्यांनी तो फॉर्म वर्गात वाचून दाखवला आणि पुढे तोंडी परीक्षेला दुसऱ्या शहरातून आलेल्या परीक्षकांनाही. ते उंच, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, या बाईंना भेटायला आवडेल. त्यांचा मुक्काम परवापर्यंत होता.

"नक्की," मॅडम म्हणाल्या. "हा घेऊन जाईल आपल्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी बिर्ला नगरात विधवा शोधत हिंडत होतो. हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. कोणत्या दारावर जाऊन काय विचारायचं? शेवटी एका घराच्या बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन दिसलं. पिको-फॉलची पाटी होती आणि साठीच्या पुढची एक बाई साडी पसरून बसली होती. मी हिंदीत सुरुवात केली. कॉलेज, प्रोजेक्ट, थोडी मदत. तिने नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं, तशी तिने सुई थांबवली आणि मराठीत म्हणाली, "बस ना. उभा काय आहेस?"

मला धक्काच बसला. बिर्ला नगरात मराठी माणसं राहतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मंडळाच्या सभासदांच्या यादीत लष्कर या शहराच्या आमच्या भागाबाहेरचा एकही पत्ता नव्हता. तिच्या सासरचे पूर्वज दक्षिणेतून आलेले, आमच्यासारखेच. फरक इतकाच की आमचे लिहायला आले होते आणि त्यांचे लढायला. पलटण सुटल्यावर पुढची पिढी गिरणीत लागली. तिच्या मराठीत निम्मे शब्द हिंदी होते, पण आमच्या घरातही तेच होतं. फक्त तिला ते लपवायची गरज वाटत नव्हती.

मी तिला मावशी म्हणालो आणि सगळं खरं सांगून टाकलं. ती मन लावून ऐकत होती.

"मतलब तुला एक विधवा पाहिजे."

"तासाभरापुरती."

"माझा नवरा आत बसलाय."

आतून खोकल्याचा आवाज आला आणि मागोमाग बनियनवर एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खाटेवर बसून त्यांनी शांतपणे विचारलं, "मी कशाने गेलो?"

"टीबीने," मी खाली बघत म्हणालो.

"टीबी नको. मोहल्ल्यात पसरलं तर चहाला कोणी येणार नाही. हार्ट कर."

"फॉर्म जमा झालाय, दादा."

यावर त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले की, ठीक आहे, गेलो. पण घराबाहेर जाणार नाही, उन्हाचं कुठे जाऊ, शेजारी म्हणून कोपऱ्यात बसेन. मावशीने पांढरी साडी नेसायला साफ नकार दिला. तिने माझ्याकडून कोरा फॉर्म मागून घेतला. ती आठवीपर्यंत शिकलेली होती. फॉर्म तिने डोळ्यांजवळ धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि घडी करून मशीनच्या खणात ठेवला. तिने हे सगळं का कबूल केलं, ते मी पुढे कधीतरी विचारलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं इथे राहतोय. पहिल्यांदाच कोणीतरी मुद्दाम भेटायला येणार होतं."

संध्याकाळी आम्ही रिक्षाने पोचलो. मॅडमनी सुती साडी नेसली होती. ती क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवलेली असावी, कारण घडीच्या खुणा तशाच होत्या. परीक्षक खुर्चीत बसले, मॅडम स्टुलावर, मी दारात. कोपऱ्यात दादा शेजारी होऊन बसले होते. मावशीने चहा आणि मठरी दिली.

परीक्षकांनी पुस्तकातल्या हिंदीत विचारायला सुरुवात केली. दिनचर्या कशी असते, पारिवारिक संबंध कसे आहेत, मनोरंजनाचं साधन काय. मावशी नीट उत्तरं देत होती. मला हायसं वाटू लागलं. तेवढ्यात तिने मशीनच्या खणातून फॉर्म काढला, चष्मा लावला आणि हिंदीतच म्हणाली, "आता मी विचारू? तुमच्या घरात किती माणसं?"

परीक्षक हसले. "चार."

"कमावणारी?"

"दोघं. पत्नीही शिकवते."

"स्वयंपाक कोण करतं?"

"तीच." ते जरा थांबले. "म्हणजे बाईही येते."

"घरातले मोठे निर्णय कोण घेतं? पती, पत्नी, की दोघं मिळून?"

"दोघं मिळून," ते चटकन म्हणाले. मावशी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिली. फॉर्मच्या शेवटी सूचना होती की, उत्तरात संकोच दिसल्यास नोंद करावी. तिने मशीनवरचा खडू उचलून फॉर्मवर बारीक खूण केली.

"जात?"

मॅडम पुढे सरकल्या. "ते आवश्यक नाही."

"मग माझ्या फॉर्मवर का आहे?"

"ते तुलनात्मक अभ्यासासाठी असतं."

"तर मग तुलनाच करू," मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

परीक्षकांनी घसा साफ केला आणि विषय बदलण्यासाठी माझ्या सदतीस नंबरच्या फॉर्ममधलं ते वाक्य वाचलं. सायरन, जाग, पडून राहणं. वाचताना त्यांचा आवाज परत मऊ झाला. "हे तुम्ही किती सुंदर सांगितलंत," ते म्हणाले.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यातून दादा म्हणाले, "हे चूक आहे."

सगळे वळले.

"सायरन नव्हता. भोंगा होता. आणि हिला भोंग्याने कधीच जाग आली नाही. भोंगा व्हायच्या तासभर आधी उठून ही माझा डबा करायची. भोंगा झाला की मला उठवायची. पंचवीस वर्षं."

"आपण कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"मी तो. टीबीने गेलेला."

नंतरची काही मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मॅडमनी कप खाली ठेवला, तो बशीत आडवा पडला. मावशीने तो उचलला, फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "पोराला रागवू नका. तो आला तर खरा." माझ्या बाजूने कॉलेजच्या तीन वर्षांत कोणी काही बोललेलं तेवढंच.

मला नापास करतील असं मी धरून चाललो होतो. कॉलेजच्या फाटकाशी उतरल्यावर मॅडमनी विचारलं, "सदतीस नंबर सोडून बाकीचे एकोणपन्नास?"

"तसेच."

"आणि बाकीच्या मुलांचे?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी परीक्षकांकडे पाहिलं, परीक्षकांनी घड्याळाकडे. मला नापास करायचं तर कारण लिहावं लागणार होतं, कारण लिहिलं तर सगळे फॉर्म तपासावे लागणार होते आणि सगळे तपासले तर त्या कँटीनमधून मागच्या कित्येक वर्षांत किती श्रमिक कुटुंबं जन्माला आली ते बाहेर पडलं असतं. मला प्रोजेक्टमध्ये वर्गातले सर्वांत जास्त गुण मिळाले. सामाजिक संस्था आपलं अस्तित्व कसं टिकवून ठेवतात, यावर मॅडमच्या नोट्समध्ये एक पूर्ण धडा होता. मी तो पाठ केला होता, पण समजला त्या दिवशी.

निकालानंतर मी पेढे घेऊन मावशीकडे गेलो. तिने एक पेढा घेतला आणि फॉर्म पुढे केला. "आता खरा भर."

"आता कशाला? गुण मिळाले."

"म्हणूनच. आता खोटं लिहायची तुला काय गरज?"

त्या उन्हाळ्यात मी अकरा घरं केली. पन्नास झाली असती तर गोष्ट अधिक शोभली असती, पण अकराच झाली. लू लागून मी आजारी पडलो. त्या अकरा घरांत मला काय दिसलं? 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात अकराही ठिकाणी पुरुषाचं नाव आलं. 'उत्पन्नाचं साधन' या रकान्यात पापड, पिको-फॉल, शाळेत आया, बालवाडीत मदतनीस, म्हणजे नऊ ठिकाणी बाईचं काम. निर्णय कोण घेतं, याचं उत्तर सगळीकडे पुरुषांनी दिलं आणि बायका त्या वेळी पाणी आणायला उठल्या. एका म्हाताऱ्याने माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून, कापड किती हलकं आहे ते सांगितलं आणि तो शर्ट घेणाऱ्याची, म्हणजे माझ्या वडिलांची, कीव केली. या अकरांखेरीज आणखी एका घरात माझ्याशी कोणी नीट बोललंच नाही. मागच्या वर्षीही कॉलेजातून कोणी आलं होतं आणि घरकुल मिळेल असं सांगून गेलं होतं. तिथे मी फॉर्म न भरताच उठलो.

या सगळ्याचा परिणाम आमच्या घरी एका रविवारी झाला. जेवताना मी जाहीर केलं की, आपल्या घरात श्रमविभागणी लिंगाधारित आहे आणि आई सगळ्यांत शेवटी जेवते हे त्याचं लक्षण आहे. वडिलांनी घास थांबवला. काका म्हणाले, "हे शिकवतात का तिथे?" मला फार बरं वाटत होतं. तेवढ्यात आई तव्याजवळून म्हणाली, "एवढं कळलंय ना? मग ऊठ, पोळ्या लाट."

मी लाटल्या. काकांनी त्यातली एक हातात धरून, हा कुठल्या जिल्ह्याचा नकाशा, असं विचारलं. मी महिनाभर दर रविवारी लाटल्या आणि आई त्या महिन्यात चार वेळा आमच्याबरोबर बसून जेवली. मग माझी एम.ए.ची परीक्षा जवळ आली, असं मी सांगितलं. परीक्षेला तेव्हा पाच महिने होते.

समाजशास्त्राचा उपयोग घरच्यांना पटला तो मात्र पुढच्या वर्षी. मंडळाची स्मरणिका निघायची होती आणि 'ग्वाल्हेरातील मराठी समाज' यावर लेख हवा होता. काकांना आठवलं की घरात या विषयाचा एक माणूस आहे. मी आठ पानं लिहिली. पहिल्या पानावर दरबार होता, उरलेल्या सातांत पलटणी, गिरणी, बिर्ला नगर. काकांनी पहिलं पान ठेवलं.

"हे बाकीचे लोक कोण?"

"मराठी."

"असतील. पण मंडळाचे नाहीत."

"कोणी सभासद करून घेतलं नाही म्हणून."

"कोणी अर्ज केला होता?"

हे त्यांचं चुकलंच. मी मंडळाचे अर्ज घेऊन बिर्ला नगरात गेलो आणि सात कुटुंबांचे भरून आणले, या वेळी खरे. कार्यकारिणीची सभा झाली. कोणी नको म्हणालं नाही. आपण सुशिक्षित माणसं आहोत, हे तीन जणांनी बोलून दाखवलं. अर्जांचा विचार करायला उपसमिती नेमली आणि तोवर त्या मंडळींना गणेशोत्सवाला पाहुणे म्हणून बोलवावं असं ठरलं.

मावशी आणि दादा नातीला घेऊन आले. मावशीने चॉकलेटी रंगाची इरकल नेसली होती. हॉलमध्ये खुर्च्या रिकाम्या होत्या, पण पुढच्या रांगांवर रुमाल टाकलेले होते. त्यांना मागे जागा मिळाली. कार्यकारिणीतल्या एका काकूंनी अगदी प्रेमाने मावशीला विचारलं, "तुम्ही कोणाकडे कामाला असता?"

"घरीच असते, पिको-फॉल करते," मावशी म्हणाली. "तुमच्या साडीचा फॉल सुटलाय मागे. पाठवून द्या."

मग मुलांची कथाकथन स्पर्धा झाली. अट एकच, कथा मराठीत सांगायची. आमच्या मंडळातली मुलं दुसऱ्या वाक्याला हिंदीत शिरत होती आणि तिसऱ्याला इंग्रजीत. खजिनदारांचा नातू म्हणाला, "एक राजा होता, उसको ना दोन राण्या होत्या," आणि सगळ्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. मावशीच्या नातीने भोपळ्यात बसून निघालेल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. पाच मिनिटं, कुठेही न अडता, वाघाचा आवाज काढून. माझी आई मागे मावशीकडे वळून बघत होती.

पहिलं बक्षीस खजिनदारांच्या नातवाला मिळालं. नातीला उत्तेजनार्थ. स्पर्धेच्या परीक्षकांनी माइकवर समजावून सांगितलं की कथन छान होतं, मात्र उच्चारांवर ग्रामीण छाप आहे. अध्यक्ष भाषणात म्हणाले, आपण सारे एक आहोत. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, याहून मोठा काही निषेध मला सुचला नाही. माझी आई मात्र उठली, मागे गेली आणि मावशीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. कार्यक्रम संपेपर्यंत दोघी कशाबद्दल बोलत होत्या, ते तिने आम्हाला कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा पत्रिका गेली. ते आले नाहीत. काका म्हणाले, "बघ. बोलावलं तरी येत नाहीत." आणि हे वाक्य ते अजूनही वापरतात. उपसमितीचा अहवाल अजून यायचा आहे. बिर्ला नगरच्या त्या सात घरांनी आता आपला गणपती वेगळा बसवायला घेतला आहे. तिथे मीही जातो. माझे उच्चार तिथे कोणाला खटकत असतील तर ते बोलून दाखवत नाहीत.

मी आज एका कॉलेजात समाजशास्त्रच शिकवतो. आमच्या प्रदेशात तात्पुरत्या प्राध्यापकाला अतिथी विद्वान म्हणतात. अतिथी असल्यामुळे खुर्ची कायमची मिळत नाही आणि विद्वान म्हटल्यामुळे तक्रार करायला लाज वाटते. सर्वेक्षणाला मी मुलांबरोबर स्वतः जातो, त्यामुळे मी त्यांच्यात अजिबात लोकप्रिय नाही. फॉर्मवरचे प्रश्न आधी प्रत्येकाने आपल्या घरी विचारून यायचे, असा माझा नियम आहे. मागच्या वर्षी दोन पालक तक्रार घेऊन प्राचार्यांकडे गेले.

प्रवेशाच्या दिवसांत मला खिडकीशी बसवतात. या जुलैमध्ये हजीऱ्याहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. त्यांनी फॉर्म पाहिला आणि ओळखीचा प्रश्न विचारला, याचा फायदा काय?

मी दरवर्षी देतो ते उत्तर तयार होतं. स्पर्धा परीक्षा, सामाजिक संस्था, बी.एड. पण त्या दिवशी उकाडा फार होता आणि दुपारपासून मी हेच बोलत होतो. मी म्हणालो, "नोकरीचं सांगता येत नाही. घरात कोण काय करतं, कोणाला विचारलं जातं, कोणाला नाही, हे तिला दिसायला लागेल. मग ती ते बोलून दाखवेल."

"म्हणजे घरात भांडणं."

"हो."

ते मुलीकडे बघत राहिले. मुलगी भिंतीवरची सूचना वाचत होती.

"भांडणं तर ही आत्ताच करते," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

ती मुलगी आता दुसऱ्या बाकावर बसते. वर्गात अजून तरी तिने तोंड उघडलेलं नाही.